आमची पोर बोलणार

मेम्फिसच्या बसमध्ये व्हर्लीनच्या पुढच्या सीटवर एक आजी आणि तिची शाळकरी नात बसल्या होत्या.

"आजी, काल चर्चमध्ये मी अ-अडकले, तेव्हा सगळे काय ओरडले गं?"

"'सावकाश, बाळा, आम्ही बसलोय!' मी तुझ्याएवढी असताना मलाही असंच म्हणायचे."

"आणि मी भाषण प-पूर्ण केलं!"

"नुसतं पूर्ण? टाळ्यांनी छप्पर उडालं! आपल्या चर्चचा तो डीकन थॅडियस तर ढसाढसा रडला मेला!"

"पण शाळेच्या कार्यक्रमातलं माझं भाषण बाईंनी क-केटलिनला दिलं. म्हणाल्या, लोकांना तेवढा वेळ नसतो."

"आपल्या काळ्या लेकरांच्या वेळीच बरा यांचा वेळ संपतो! थांब, आज येते आणि मागते परत."

"तू नको. मीच म-मागणार."

"बाई मध्येच बोलली तर?"

"म्हणेन, थ-थांबा, माझं व्हायचंय."

"आणि पोरं हसली तर?"

"हसू देत. मी अडखळते, म-मुकी नाहीये!"

"अगं माझी वाघीण!"

शाळेचा थांबा आला. आजी उठू लागली, तशी पोरीनं तिला खाली बसवलं आणि एकटीच उतरून ताठ मानेनं फाटकातून आत गेली.

व्हर्लीन पुढे वाकली. "मावशी, कार्यक्रम कधी आहे?"

"शुक्रवारी संध्याकाळी. पण भाषण अजून मिळालंय कुठं तिला?"

"मिळणार हो!" ड्रायव्हर पुढून ओरडला. "मला शुक्रवारी सुट्टीच आहे!"