दिवाळीची पहिली आंघोळ

दिवाळीच्या आदल्या दिवशी गिरणीचा पट्टा निसटला आणि घरघर थांबली; घनसावंगीच्या बायांची रांग खोळंबली. त्या शांततेत माझ्या पुढच्या बाईच्या डब्याचं झाकण खणकन पडलं. तिच्या शेजारची बाई ते उचलून देत म्हणाली,

"पार दमून गेलीस, तुळजे. बस जराशी."

"बसले तर उठायची न्हाई, सोनूअक्का. नणंदा येऊन राह्यल्या. चकल्या व्हायच्यात अजून."

"सातवा महिना हाय तुला. सकाळी चक्कर आल्ती ना?"

"आल्ती. भिंतीला धरून उभी राह्यले."

"अन् उद्या पहाटे साऱ्या घराला तेल-उटणं तूच लावणार?"

"मंग काय निजामाची बेगम येणार?"

"नणंदांना सांग, आपापलं पाणी काढा म्हणून. तू पहिली न्हाऊन घे, अन् पड बिलकुल गुमान."

"सून पहिली न्हाली तर सासूबाई सालभर ऐकवतील."

"ऐकवू दे! न्हाणीत पाय घसरला तर पोटातल्याचं काय?"

"हळू बोल, अक्का. पोरगी ऐकून राह्यली."

पदराला धरून उभी असलेली पोर वर बघत होती.

"आई, उजाडल्यावर न्हाणारा नरकात जातो, असं आजी म्हणती. तू तर दरसाली साऱ्यांच्या मागून, उजाडल्यावरच न्हातीस. मंग तू कुठं जाशील?"