लोहारकन्येचा पाचवा भाग

— नाही नाही, हनुवटी उचलू नका ताई, तश्शीच टेकवून ठेवा, आणि बोलायचं तर अजिबात नाही, बोललात की डोळा हलतो — मी आपलं सहज विचारलं, पिशवीतून डोकावतंय ते ‘लोहारकन्ये’चंच ना? पाचवा भाग? समोर तलवारवाली, मागे ड्रॅगन — तेच. वाटलंच मला. नाही, माझं काही म्हणणं नाही हो, कुणी काय वाचावं हा ज्याचा त्याचा प्रश्न! पण एवढी उशीएवढी पुस्तकं लिहिता, तर एखाद्या चष्मेवाल्याला विचारा ना आधी! दुसऱ्या भागात तिचा एक डोळा जातो. गेला, ठीक आहे, लढाई म्हटली की व्हायचंच. आणि तिसऱ्या भागात हीच बाई उडत्या ड्रॅगनवरून दोनशे पावलांवरच्या सरदाराच्या शिरस्त्राणाच्या फटीत बाण मारते! अहो, एका डोळ्यावर आलेला माणूस सुरुवातीला पाणी पेल्याबाहेर ओततो! — इकडे बघा, हिरव्या ठिपक्याकडे. — मी काही आवडीनं वाचत नाही. चुका काढायच्या म्हणून वाचले. चार भाग.

एक गिऱ्हाईक पहिला भाग दुकानात विसरून गेलं, तिथून सगळं बिनसलं. आमची ही आत मशीनवर काचा घासायची — एकोणीस वर्षं, चकार शब्द नाही. म्हणजे काढलाही असेल, मशीनच्या घरघरीत मला ऐकू आला नसेल. तर हिनं ते पुस्तक उचललं. मग जेवताना एका हातात घास, दुसऱ्या हातात पान. मी म्हटलं, मीठ कमी आहे. तर मान वर न करता म्हणते, ‘बरणी तुमच्या उजव्या हाताला आहे.’ बघतो तर होती! मी आईकडे गेलो. आई म्हणजे भारी कडक, तिच्यापुढे हिची कधी मान वर झाली नव्हती. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मोठ्यानं वाच म्हणावं तिला, मला बारीक अक्षर दिसत नाही.’ झालं! कुंपणानंच शेत खाल्लं! रोज दुपारी दोघी जोडीनं. मी घरी जेवायला गेलो की आई हात वर करायची — ‘थांब रे जरा, प्रधानाचं मुंडकं उडतंय.’

— आता उजवा डोळा. पहिली काच बरी, की दुसरी? सारख्याच? बरं, राहू द्या, परत बघू. — तर एक दिवस बसचा ड्रायव्हर आला. नव्या चष्म्यानं डोकं दुखतं, समोरची गाडी जवळ आहे की लांब कळत नाही, म्हणाला. मी म्हटलं, आठवडाभरात सवय होईल. तेवढ्यात ही हात पुसत बाहेर आली आणि त्याच्यादेखत म्हणाली, ‘सवय नाही व्हायची. नंबर चुकलाय.’ मी काय म्हणालो? काही नाही म्हणालो. ‘तू आत बस,’ एवढंच. जरा जोरात. — काचा घासणारीनं काचा घासाव्यात, असंही म्हणालो असेन, आता शब्द न् शब्द कुणाला आठवतो? ती भांडली असती तर परवडलं असतं. तिनं त्याला ह्याच खुर्चीत बसवलं, शांतपणे तपासलं, स्वतः काच घासून दिली, अॅप्रन खुंटीला अडकवला आणि गेली. — छे, घर नाही सोडलं! घरीच आहे. दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांच्या दवाखान्यात लागली, तपासणीला. त्याची परीक्षा दिलेलीच होती लग्नाआधी, पहिल्या वर्गात, मला तर दोनदा — ते जाऊ द्या. चुकला होता का नंबर? थोडासा. दीडनं.

बोलते ना माझ्याशी. ‘किल्ली घेतली का’ म्हणते. बोलणंच झालं ते. पेशंटांच्या गमती मात्र आईला सांगते, आणि मी आपला पलीकडच्या खोलीत, भिंतीला कान लावून — म्हणजे भिंतीला टेकून. तर चौथ्या भागाच्या शेवटी ती लोहारकन्या किल्ला सोडते. तलवारी घडवायच्या हिनं आणि ठसा राजाचा! आणि तो शहाणा सज्जात उभा राहून म्हणतो, ‘येईल, हिवाळा लागला की येईल.’ मी पुस्तक आपटलं हो! अरे गाढवा, ती निघालीय, खाली उतर, धाव, चुकलं म्हण! — राजाला म्हणतोय मी. पाचवा भाग आमच्या हिच्या कपाटात आहे, पण मागणार कुठल्या तोंडानं? मी असलं वाचत नाही, असं सांगून बसलोय. म्हणून तुम्हाला — येते का हो ती परत? नको! नका सांगू! — हललात! आता ही मान ‘नाही’ म्हणून हलली, की नुसती अवघडली? एवढं तरी सांगा, राजा खाली उतरतो का? — तुम्ही अजून तिथवर आला नाहीत? मग एवढा वेळ बोलू कशाला दिलंत मला!

बरं, बघा परत. पहिली? दुसरी? अक्षरांना सावली दिसते म्हणता… दोन्हीत? थांबा, ही तिसरी. हिच्यातही?

…उठा ताई. नाही, नंबर नाही लिहून देत मी. कोपऱ्यावरून डावीकडे डोळ्यांचा दवाखाना आहे, दुसरा मजला, चार नंबरची खोली. तिथल्या बाई तपासतील, त्यांचा चुकत नाही. आणि ही चिठ्ठी त्यांच्या हातात द्या. वाचा, खुशाल वाचा, खासगी काही नाही — ‘मला जमलं नाही, आपण बघावं. तेव्हाही चूक माझीच होती.’ खाली सही. त्या काही म्हणाल्या तर — नाही, ते मला सांगायला येऊ नका. निघा आता, चारला त्यांची खोली बंद होते. निघा म्हणतो ना!