एक शिट्टी, दोन शिट्ट्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय अध्यक्षसाहेब, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले शिक्षण खात्याचे माननीय अधिकारी, संस्थेचे कायदेशीर सल्लागार माननीय वकीलसाहेब, मुख्याध्यापिकाबाई, क्रीडाशिक्षक, माझे सर्व सहकारी, पालकवर्ग, आणि सकाळपासून ज्यांना ‘हलू नका, गणवेश चुरगळेल’ असं बजावलं जातंय ती माझी चौथीची मुलं,

सगळ्यात आधी, मला बसून बोलायची परवानगी दिलीत त्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे आभार. माझ्या गुडघ्यांनी माझ्या आधीच निवृत्ती घेतली आहे. खुर्ची इथे हॉलच्या मधोमध ठेवा म्हटल्यावर मुख्याध्यापिकाबाई काळजीने म्हणाल्या, “अहो, तिकडे पंख्याखाली घ्या की.” नको म्हटलं, इथून दोन्हीकडची माणसं दिसतात. इतकी वर्षं या खोलीत काढली, पण दोन्हीकडची माणसं एकदम दिसायचा योग फार कमी वेळा आला.

आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की मला मध्येच वाटलं, ही बाई कोण आहे, हिला एकदा भेटायला हवं. शांत स्वभाव काय, हसतमुख काय, आणि कधीही कसली तक्रार नाही म्हणे! मुख्याध्यापिकाबाई, मी तक्रारी केल्या हो. लेखी केल्या. पण असू द्या. निवृत्त माणसाबद्दल आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि दोघांनीही ते पडून ऐकायचं असतं. मी आज बसून ऐकलं, एवढाच फरक.

पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगते, हा हॉल नाही. ही चौथीची वर्गखोली आहे. पाठीमागे निळा पडदा लावलाय ना, थर्माकोलच्या ‘हार्दिक शुभेच्छा’वाला, त्याच्यामागे घडी घालून उभं केलेलं एक सरकतं पार्टिशन आहे. लोखंडी चौकटी, त्यात लाकडी फळ्या, खाली चाकं. जमिनीत रूळ आहे, त्यावरून ते ओढलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत खोलीचे दोन तुकडे होतात. माझ्या डाव्या हाताला ‘अ’, उजव्या हाताला ‘ब’. बक्षीस समारंभाला ते उघडतं. संस्थेच्या निवडणुकीला उघडतं. मोठ्या माणसांना एकत्र बसायचं असलं की उघडतं. मुलांना एकत्र बसायचं असलं की मात्र त्याची चाकं गंजलेली असतात.

‘अ’मध्ये फी भरणारी मुलं. ‘ब’मध्ये कायद्याने आलेली मुलं. गरिबाघरच्या मुलांसाठी इतक्या जागा ठेवा, असा कायदा झाला, तेव्हा संस्थेने तो अगदी काटेकोर पाळला. एक जागा कमी नाही, एक जास्त नाही. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांना ‘कायद्याची मुलं’ म्हणतो. जणू बाकीची बेकायदा आहेत.

मला ‘ब’ दिला गेला. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण मला तो हवाच होता. पण कायद्यात पुढे एक वाक्य होतं, की या मुलांना वेगळं बसवू नये. ते वाक्य घेऊन मी वकीलसाहेबांकडे गेले होते. साहेब, आठवतंय? तुम्ही मला चहा पाजलात आणि फार प्रेमाने समजावलंत. म्हणालात, “बाई, कायदा म्हणतो एकाच वर्गात बसवा. वर्ग म्हणजे चार भिंती. तुम्ही भिंती मोजा. चारच आहेत ना? मग? पार्टिशन ही काही भिंत नव्हे. जे सरकवता येतं ते फर्निचर.” मी परत येऊन डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, पाहिलं. खरंच, टेबलं, कपाटं, पार्टिशन, अशा क्रमाने नोंद आहे. ज्या माणसाने समतेचा कायदा केला त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की एक कपाट आडवं ठेवलं तरी काम भागतं?

आता तपासणीबद्दल. पाहुणेसाहेब, अगदी यंदापर्यंत तुम्हीच तपासणीला यायचात, आता खुर्ची मोठी झाली, अभिनंदन. तुम्हाला आमची चौथी किती आवडायची! ‘मुलं किती मिसळून बसतात’ असा शेरा दर वर्षी असायचा. ते मिसळणं कसं व्हायचं, सांगू? तुमची गाडी फाटकात दिसली की क्रीडाशिक्षक एक शिट्टी वाजवायचे. एक शिट्टी म्हणजे मिसळा. पार्टिशन सरकायचं, मुलं दप्तरं उचलायची, एक बाक सोडून एक बाक, ‘अ’चा मुलगा, ‘ब’ची मुलगी, अगदी चटणीभाकरी खावी इतक्या सहज. तुम्ही गेलात की दोन शिट्ट्या. दोन शिट्ट्या म्हणजे आपापल्या जागी. याची रीतसर तालीम व्हायची. मुलं मधल्या सुट्टीत मैदानावर हाच खेळ खेळायची. एकजण साहेब व्हायचा, पोट पुढे काढून चालायचा, माफ करा, आणि बाकीची मिसळायची. ज्याला उशीर होईल तो बाद. क्रीडाशिक्षकांना मी दोष देत नाही. ते नोकरी करतात. शिट्टी त्यांची असली तरी फुंकणारं तोंड दुसरं होतं.

आणि आम्ही ‘ब’मध्ये शिकवत काय होतो? खरं सांगायचं तर ओरडत होतो. फळ्यांना फटी होत्या. पलीकडचा आवाज इकडे, इकडचा तिकडे. माझ्या मुलांना पलीकडच्या इंग्रजी कविता पाठ यायच्या, अर्थ कुणालाच माहीत नाही. पलीकडे भिंतीवर फिल्म दाखवायचे. इकडे नुसता आवाज. तेव्हा माझी एक मुलगी उठून फळीला कान लावायची आणि बाकीच्यांना सांगायची, आता हे चाललंय, आता ते चाललंय. अर्ध्याहून जास्त स्वतःच्या मनाचं. एकदा पलीकडे ज्वालामुखी दाखवत होते. ही म्हणाली, “डोंगराला उलटी होतेय.” मुलांनी तिचं नाव ठेवलं रेडिओ.

पण एका दिवसापासून रेडिओच्या बातम्या एकदम बरोबर यायला लागल्या. देवमाशाचा रंग बरोबर, शेपटी बरोबर. मला नवल वाटलं. जवळ जाऊन बघते, तर पलीकडून फटीला तोंड लावून एक मुलगी कुजबुजत होती. “आता तो पाण्याबाहेर आला. आता परत आत गेला.”

ही मुलगी कोण, हे पलीकडच्या वर्गशिक्षिकेला, आमच्या धाकट्या बाईंना, सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. कारण ती मुलगी शाळेत बोलतच नव्हती. हजेरीलासुद्धा हात वर करायची. प्रगतिपुस्तकात ‘मितभाषी’ लिहायचे, कारण आजोबांना वाईट वाटायला नको. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. तिच्या तोंडून पहिली सलग वाक्यं निघाली ती एका फटीतून, एका न दिसणाऱ्या मुलीसाठी, जिला खरोखरच ऐकायचं होतं.

अध्यक्षसाहेब, आपल्या नातीबद्दल मी बोलतेय. राग मानू नका. मानला तरी चालेल.

पुढची गंमत पाहुणेसाहेबांच्या गाडीने केली. यंदाच्या पहिल्या सत्रात तपासणी झाली आणि गाडी सुरूच होईना. मेकॅनिक यायला संध्याकाळ. साहेब मुख्याध्यापिकांच्या खोलीत पेपर वाचत बसले आणि दोन शिट्ट्या काही वाजेनात. मुलं मिसळलेली ती मिसळलेलीच. मला त्या दिवशी अपूर्णांक शिकवायचे होते. समोर दोन्ही तुकड्या. धाकट्या बाई म्हणाल्या, “तुम्ही शिकवा, मी मुलांत जाऊन बसते.” त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि थोड्या वेळाने मला हळूच म्हणाल्या, “बाई, तुम्ही फार बोलता हो. जरा थांबा. ही मुलं एकमेकांना समजावतायत.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणं झाली, शिबिरं झाली, प्रमाणपत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. पण माझ्या वर्गात बसून माझं शिकवणं बघणारी दुसरी शिक्षिका मला पहिल्यांदाच भेटली. मी गप्प बसले. रेडिओ शेजारी बसलेल्या त्या ‘मितभाषी’ मुलीला सांगत होती आणि ती तिला खोडून काढत होती, “नाही, तसं नाही, आठ भाग केले तर तुकडा लहान होणार, मोठा कसा होईल?” मोठ्याने. भर वर्गात.

ते पार्टिशन आम्ही दोघींनी मग ओढलंच नाही. ते सत्र माझ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं सत्र. एकीने शिकवायचं, दुसरीने जिथे मूल अडतंय तिथे जाऊन बसायचं, सुट्टीत एकमेकींची चिरफाड करायची. तुझं उदाहरण कुणाला कळलं नाही, तू त्याच त्या चौघांना विचारतेस, असं. भांडायचोही. पण दुसऱ्या दिवशी बरं शिकवायचो. त्या सत्रात मला ‘ब’च्या मुलांची दया येणं थांबलं आणि ‘अ’च्या मुलांची यायला लागली, कारण त्यांना इतकी वर्षं नुसत्या पाठांतरावर ठेवलं होतं.

मग पालकसभा झाली. कुणी म्हणालं, उच्चार बिघडतील. कुणी म्हणालं, आम्ही फी कशाची भरतो? आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही म्हणालात, “माझी नात घरी उलट बोलायला लागली आहे.” काय उलट बोलली होती ती? तुम्हीच सभेत सांगितलंत. तिने विचारलं होतं, “आजोबा, रेडिओचा बाक आधी आमच्याकडे का नव्हता?” ज्या मुलीचा शब्द ऐकायला तुम्ही तिला डॉक्टरांकडे घेऊन फिरलात, तिने तोंड उघडलं आणि तुम्हाला तिचा प्रश्न सोसला नाही.

दुसऱ्या दिवशी पार्टिशन ओढलं गेलं. धाकट्या बाईंना शाखा दोनमध्ये पाठवलं. फटींमध्ये पुट्टी भरून वर रंग दिला. काम फार सुबक झालंय, पडदा बाजूला केलात तर दिसेल. आणि प्रगतिपुस्तकात पुन्हा ‘मितभाषी’ आलं. या वेळी आजोबांना वाईट वाटलं की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटलं. मी त्या दिवशी घरी जाऊन रडले, आणि मी रडणारी बाई नाही.

तर आजचा दिवस. माझ्या निरोपाला एवढा मोठा समारंभ कशाला, असं मला वाटत होतं. आधीच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा स्टाफरूममध्ये बिस्किटांवर भागलं होतं. मग कळलं, की आता तपासणीला साहेब येणार नाहीत. फोटो पाठवायचा. मिसळून बसलेल्या मुलांचा एक चांगला, स्वच्छ फोटो. तो आज सकाळी काढून झाला. म्हणजे समारंभ माझा, फोटो संस्थेचा. एक शिट्टी वाजली, ती मी माझ्या कानांनी ऐकली. आणि फोटो मिळाला, म्हणजे पार्टिशन उघडायची गरज संपली. म्हणूनच बाहेर व्हरांड्यात वेल्डर बसून आहे. मगाशी आत येताना त्याला विचारलं, “काय हो, कुणाची वाट बघताय?” तो म्हणाला, “तुमचं भाषण संपायची. पाहुणे गेले की पार्टिशन ओढून चौकटी कायमच्या जोडायच्यात.”

वकीलसाहेब, घड्याळ नंतर बघा. जे सरकतं ते फर्निचर, हे तुमचंच वाक्य ना? मग जोडल्यावर जे सरकत नाही ते काय? माझ्या अल्पबुद्धीला वाटतं, ती भिंत. आणि पाहुणेसाहेब, आजवर तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. इतक्या माणसांसमोर सांगितलं. यापुढे तुम्हाला माहीत नव्हतं, असं तुम्हालाही म्हणता येणार नाही. मी कालपर्यंत संस्थेची नोकर होते, उद्यापासून नुसती नागरिक आहे. नागरिकाला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही.

पहिल्या रांगेत दोघीजणी माझं भाषण सुरू झाल्यापासून सारख्या बोलतायत. पर्यवेक्षकसर मगापासून त्यांना डोळे दाखवतायत. सर, नका. एक रेडिओ आहे. दुसरी कोण, ते अध्यक्षसाहेबांना तिथून नीट दिसतंय. कित्येक महिन्यांनी बोलतेय ती. बोला गं. माझ्या भाषणापेक्षा तुमचं महत्त्वाचं आहे.

आता आवरतं घेते. आपण दिलेलं भिंतीवरचं घड्याळ फार सुंदर आहे, आभारी आहे. खोली सजवणाऱ्या शिपाईमामांचे, चहापाण्याची सोय करणाऱ्या मावशींचे, आणि मला गप्प बसायला शिकवणाऱ्या, आज इथे बोलावणं न गेलेल्या धाकट्या बाईंचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर वयाकडे बघून पदरात घ्या.

फक्त एक चूक मी जाणूनबुजून केली आहे, तिची माफी आधीच मागून ठेवते. ही खुर्ची मी मधोमध ठेवायला सांगितली, ती काही दोन्हीकडची माणसं दिसावीत एवढ्यासाठीच नाही. हिचे दोन पाय पार्टिशनच्या रुळाच्या अलीकडे आहेत, दोन पलीकडे. मी बसले आहे तोवर फळ्या पुढे यायच्या नाहीत. मला घरी वाट बघणारं कुणी नाही, आणि उद्या सकाळी घंटेला पोचायची घाईही नाही. अध्यक्षसाहेब, मला उठवायचं असेल तर आपण स्वतः यावं, हाताला धरावं, आणि आपल्या नातीच्या देखत उठवावं.

क्रीडाशिक्षक, तुमचा हात खिशात गेलेला मला दिसतोय. वाजवा दोन शिट्ट्या. बघू या, कोण कोण उठतंय.