त्यांची विमाने आणि आमची पाणबुडी

...आणि लोक तुलनाच मुळात चुकीची करतात हो! नुसत्या पाणबुड्या मोजून नौदलाची ताकद ठरत असती, तर कोणीही भाजीवाला नौदलप्रमुख झाला असता. तुम्हाला सांगतो, शाळा मी फारशी पाहिली नाही, परंतु जन्मभर पुस्तकबांधणी केली आणि आलेले पुस्तक वाचल्याशिवाय त्याला पुठ्ठा चढवला नाही. तेव्हा सांगतो ते छापील आहे, माझ्या पदरचे नाही. त्यांच्या, म्हणजे शत्रूच्या, पाणबुड्या अधिक, मान्य. पण जुन्या, भांड्यांचे दुकान गडगडत चालल्यासारख्या... आमच्या मोजक्या, पण अशा निःशब्द, की शेजारून गेल्या तरी माशाला पत्ता नाही.

हे मी सलूनच्या याच बाकावर सांगत आलो, तर हा आमचा सलूनवाला कात्री थांबवून विचारणार, "काका, पण पाणबुड्या शोधणारी विमानं त्यांच्याकडे जास्त ना?" असतील की! विमान वरून पाण्यात कान टाकते, कबूल. पण समुद्रात कोमट पाण्याखाली गार पाण्याचा थर असतो, तिथे आवाज वाट वाकडी करतो, त्या थराखाली आमची शिरली की बसा म्हणावे कान लावून. छापील आहे, माझ्या पदरचे नाही.

त्यांतल्याच एका पाणबुडीवर आमचे चिरंजीव. रजेवर आले की हे सारे मी त्यांच्यापुढे मांडायचो, चुकत असेल तर सुधारा म्हणायचो, आणि ते काय म्हणायचे... "बाबा, जेवण गार होतंय." गुपित असते ना ते! घरातही अनवाणी चालणार, कपाटाचे दार लोटताना मध्ये हात धरणार, चमचा ठेवणार तो फडक्यावर. तिकडे साधा पाना हातून निसटला तरी शत्रूला ऐकू जातो म्हणे. आमची ही वैतागायची, "घरात आहेस तोवर तरी आवाज कर रे." मला मात्र केवढा अभिमान...

तर आता ती पाणबुडी बोलत नाही. ठरल्या वेळी संदेश यायचा, तो आलाच नाही. आपली जहाजे शोधत आहेत, नौदलाच्या कचेरीतून फोन येतो, धीर धरा म्हणतात. मी हिला समजावू लागलो, की न सापडणे हाच तिचा गुण, छापील आहे... तर ही शांतपणे म्हणाली, "आपल्यालासुद्धा सापडत नाही का हो?"

मी सगळी पुस्तके खाली काढली. शत्रूपासून कसे लपावे यावर प्रकरणेच्या प्रकरणे, आपल्या माणसांना कसे सापडावे यावर एक धड परिच्छेद नाही. मग हीच म्हणाली, "ती विमानं त्यांच्याकडे जास्त आहेत ना? मग त्यांना सांगा की." म्हटले, अगं, ते शत्रू आहेत. तर म्हणते, "असू देत. आधी शोधू देत, मग भांडा."

मदत मागावी की नाही, यावर वर बैठका चालू आहेत म्हणे. मानाचा प्रश्न आहे. मानाचे मला काय सांगता... त्या विमानांना आजवर ठेवलेली सगळी नावे मी परत घेतो. हे छापील नाही, माझ्या पदरचे आहे. आणि आज मी दाढी करायला आलेलो नाही. इथे चार ठिकाणची माणसे येऊन बसतात, म्हणून विचारतो... त्यांच्या नौदलात तुमच्यापैकी कोणाची ओळख आहे का हो?