शंभरावी फुंकर

बस डेपोच्या दवाखान्यात मी गुडघा दाखवायला बसलो होतो. शेजारी एक ड्रायव्हर आणि त्याचा मेव्हणा.

"भावजी, घाम पुसा. शेवटची फुंकर आज."

"शंभर दिवस दारू तपासायच्या मशीनवर शून्य आलं तर स्टिअरिंग परत, असं ठरलंय. नाहीतर आहेच टायर धुणं."

"घरी नाही बसवलं, दवाखान्यात धाडलं, हे नशीब समजा."

"पहिल्या दिवशी मी फुंकलं आणि मशीनच झिंगलं. दोन दिवस आकडे उलटे दाखवत होतं. हो ना सिस्टर?"

"गप्पा पुरे. फुंका."

पीं!

"भावजी! काय केलंत हे?"

"आईशप्पथ, थेंब नाही घेतला!"

"आत्ता तोंडात काय घातलंत?"

"खोकल्याचं औषध, सिस्टर. दारातच. म्हटलं, फुंकर दमदार निघावी."

"त्यातच अल्कोहोल असतं, अहो शहाणे! चूळ भरा. पंधरा मिनिटं गप्प बसा, मग पुन्हा बघू."

"पंधरा मिनिटं गप्प? त्यापेक्षा दारू सोडणं सोपं होतं!"

पंधरा मिनिटं सगळा दवाखाना श्वास रोखून बसला. मग गड्यानं अशी फुंकर मारली की भिंतीवरचं कॅलेंडर तीन महिने पुढे गेलं.

"शून्य! घ्या चिठ्ठी, आजपासून गाडी तुमची."

"अरे, तुझ्या ताईला फोन लाव."

"काय सांगू?"

"साडेदहाच्या बसला स्टॉपवर उभी राहा म्हणावं. ड्रायव्हर कोण आहे, ते तिचं तिलाच बघू दे."