केशोरीची उघडी भिंत

समारंभाचे अध्यक्ष आपले प्राचार्य डॉ. इंद्रकुमार बिसेन सर, संस्थेचे सचिव माननीय सेवकरामजी कापगते, मंचावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसलेल्या केशोरीच्या अनुसयाबाई,

सरांनी आत्ता सांगितलं, अल्का मेश्राम मॅडमनी एकतीस वर्षांत प्राणिशास्त्राचा एकही तास बुडवला नाही. सर, मी बुडवलेत. माश्यांपायी बुडवलेत. निवृत्तीच्या दिवशी कबूल करायला आता कसली भीती?

मधमाशी म्हटलं की तुम्हाला पोळं आठवतं. माझ्या माश्या एकांड्या. राणी नाही, कामकरी नाहीत. एकेक मादी स्वतःचं बीळ कोरते आणि आपली अंडी त्यात आपणच सांभाळते. पोटावर निळे पट्टे. अनुसयाबाईंच्या घराच्या मागच्या मातीच्या भिंतीत अशी शे-दीडशे बिळं होती. दोन हजार चार साली मी तिथल्या थोड्या माश्या धरल्या, प्रत्येकीच्या एका पायाचं टोक घेतलं आणि सोडून दिल्या. तेवढ्यावरून जनुकीय खुणा तपासता येतात. माणूस दोन वाक्यं बोलला की कुठल्या भागातला ते कळतं ना, तसंच काहीसं. आपल्याच जिल्ह्यातल्या नवेगाव बांध आणि गोरेगावच्या माश्याही तशाच तपासल्या; त्यांच्या खुणा एकमेकींसारख्या निघाल्या. केशोरीच्या माश्यांमधल्या तीन खुणा मात्र दुसरीकडे कुठेच सापडल्या नाहीत. चौदा महिन्यांनी अहवाल हातात आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले. हसू नका, खरंच नाचले.

खात्रीसाठी आणखी नमुने हवे होते. बाहेरून दोन शास्त्रज्ञ येणार होते. मी अनुसयाबाईंना निरोप धाडला, "मोठे पाहुणे येणार आहेत." बस, एवढाच. भिंतीला हात लावू नका, हे सांगायचं राहिलं. आणि आपल्याकडे पाहुणे येणार म्हटल्यावर घरची बाई काय करते?

आम्ही पोचलो तर भिंत गुळगुळीत. एकेक भोक अंगठ्यानं बुजवलेलं, वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर चुना. बाई नव्या लुगड्यात दारात उभ्या. "पाहुने येऊन राह्यले, तं भोकाची भित कशी दाखवाव जी?" पाहुणे चहा घेऊन परत गेले.

मी सगळं सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मंग आधी काऊन नाई सांगतलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी खुरप्यानं सगळा गिलावा खरवडून काढला, पण बिळांतली पिल्लं आत कोंडून मेलेली होती. पुढे बाकीचं घर पक्कं झालं, रंगलं, पण मागची भिंत उघडीच राहिली. शेजारणी हसायच्या. बाई म्हणायच्या, "मॅडमच्या माश्या येतीन."

दर दसऱ्यानंतर मी जाते. भिंतीसमोर बसते, चहा पिते, परत येते. खरं सांगू? दोन-तीन वर्षांतच मला कळून चुकलं होतं. दुसऱ्या माश्या कधी आल्याही असत्या, पण त्या तीन खुणा जपणारं कुणी उरलेलं नव्हतं. तरी ऑक्टोबरचं ऊन पडलं की कानात तो भुणभुणाट सुरू होतो आणि मी केशोरीची एसटी धरते. मला त्या माश्या हव्या होत्या. अजून हव्या आहेत. आणि बाईंना हे सांगायची माझी हिंमत नव्हती.

अनुसयाबाई, आज सर्वांसमोर सांगते. त्या आता येणार नाहीत. चूक माझी होती. यंदा भिंत सारवून घ्या.

...काय म्हणता?

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगते. बाई म्हणतात, "मले कवाचंच मालूम आहे जी. भित सारवली असती, तं तुम्ही कायले आल्या असत्या?"

आता लिहून आणलेलं पुढचं मला वाचता येणार नाही. या शालीबद्दल, तुमच्या प्रेमाबद्दल मनापासून आभार. इतक्या वर्षांत माझं बोलणं कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. आणि अनुसयाबाई, भिंत सारवा. मी तरीही येईन.

जय भीम. नमस्कार.