लायलॅकचे चार तुरे

माझ्यापुढे बागेचं नावसुद्धा काढू नका!

लंडनमध्ये हॅरोला घर घेतल्यावर मी हौसेनं लायलॅकचं बुटकं झुडूप लावलं. तीन वर्षं नुसती पानं. यंदा मेमध्ये पहिल्यांदा जांभळे तुरे आले, मोजून चार. आणि नेमके तेव्हाच पुण्याहून बाबा आले.

बाबा म्हणजे सकाळी फिरायला जाणार आणि येताना देवाला पिशवीभर फुलं आणणार. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबा, ह्या झाडाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," बाबा म्हणाले. आणि खरंच नाही लावला हो!

चौथ्या दिवशी सकाळी खाली येते, तर अख्खा देव्हारा जांभळा. गणपती दिसेना. मी तशीच बागेत धावले, तर आमचे चारही तुरे जागच्या जागी.

"बाबा, ही फुलं कुठली?"

"शेजारच्या बाईंची. कुंपणावरून सहज हात पोचतो."

"जेनला विचारलंत?"

"झोपली असेल बिचारी. देवाच्या फुलांना कसलं विचारायचं?"

डोक्याला हात लावला मी. शेवटी कात्री घेतली, माझे चारही तुरे कापले आणि जेनच्या दारात जाऊन दहा वेळा सॉरी म्हटलं. तिनं ते घेतले, पण हसली काही नाही.

परत आले, तर बाबा बोडक्या झुडपाकडे बघत उभे.

"वेडी का काय तू? स्वतःच्या झाडाची फुलं कुणी तोडतं का?"